चित्रपटाच्या संशोधनासाठी डेटाबेस कोणता? आधी काय शोधायचंय ते वेगळं करू

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवता. अमरावती विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणी झाली आहे आणि विषय आहे मराठी चित्रपटातला शेतकरी. गाईडनी सांगितलंय की विकिपीडिया आणि आयएमडीबी (चित्रपटांच्या माहितीचं संकेतस्थळ) चालणार नाही, एखादा प्रमाणित डेटाबेस वापरा. तर असा डेटाबेस कोणता, तो फुकट आहे का आणि गावातल्या नेटवर चालेल का, हे तुम्हाला हवंय.

मी विदर्भातल्याच एका ग्रामीण महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. चित्रपटावर प्रबंध लिहिणारे अधूनमधून माझ्या टेबलाशी येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. सरळ सांगतो, तुमच्या विषयाला पुरेल असा एकच डेटाबेस नाही. पैसे भरले तरी मिळणार नाही. पण दोन-तीन फुकटच्या जागा नीट वापरल्या तर तुमचं बरंचसं काम होतं. उरलेलं काम इंटरनेटवर होणारच नाही, त्यासाठी पुणं, नागपूर, भुसावळ असं फिरावं लागेल.

खरी अडचण अशी की तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टी लागणार आहेत आणि तुम्ही त्या एका दुकानात मागताय. पहिली, चित्रपटांची यादी: कोणता चित्रपट, कोणत्या साली, कोणी केला. दुसरी, त्या चित्रपटांवर झालेलं लेखन: समीक्षा, शोधनिबंध, आधीचे प्रबंध. तिसरी, खुद्द चित्रपट आणि त्याचे मूळ कागद. यादी देणारा डेटाबेस लेखन देत नाही, लेखनाची सूची देणारा चित्रपट दाखवत नाही. गाईड 'प्रमाणित' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात बहुतेक दुसरी गोष्ट असते. तुम्ही शोधताय पहिली.

यादीपासून सुरू करू. इथं मी आयएमडीबी अजिबात टाकाऊ मानत नाही. १९९० मध्ये चित्रपटवेड्यांनी आपापल्या याद्या एकत्र करून ती सुरू केली, १९९८ मध्ये ॲमेझॉननं विकत घेतली. आजही तिच्यातली बरीच माहिती वापरकर्त्यांनीच भरलेली असते. हाच तिचा गुण आणि हाच तिचा दोष. तिच्या प्रगत शोधात भाषा मराठी आणि सालांची मर्यादा टाकली की कच्ची यादी एका बैठकीत हाती येते. चित्रपटाची पर्यायी नावं एकाच नोंदीत असतात, हा मोठा फायदा. पण ती नोंद कोणी, कशावरून भरली हे तिथं दिसत नाही. म्हणून माझा नियम असा: यादी तिथून घ्यावी, पुरावा तिथून घेऊ नये. प्रेक्षकांनी दिलेले गुण तर प्रबंधात आणूच नका. मराठी चित्रपटांना मतं देणारे कोण आणि कुठले, हे कुणालाच माहीत नसतं.

आता चांगली नोंद कशी असते ते पाहायचं असेल तर अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा कॅटलॉग उघडून बघा. तो फुकट आहे. त्यात फक्त अमेरिकन चित्रपट आहेत, म्हणजे तुमच्या कामाचा एकही नाही, तरी अर्धा तास त्यात घालवाच. नोंदीखाली टिपा असतात: अमुक वृत्तपत्रात लांबी एवढी दिली आहे, तमुक ठिकाणी वेगळी, श्रेयनामावलीत या नटाचं नाव नाही पण समकालीन परीक्षणात आहे. माहिती कुठून आली हे वाचणाऱ्याला कळतं. एवढं पाहिलं की बाकीच्या डेटाबेसमध्ये काय नाही हे तुम्हाला आपोआप दिसू लागेल.

भारतीय चित्रपटांसाठी याच्या जवळ जाणारी जागा म्हणजे इंडियनसिने.मा. २०१३ मध्ये सुरू झालेला हा ऑनलाइन संग्रह संशोधकांनी संशोधकांसाठी केलेला आहे. त्याच्या पायाशी आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलमेन यांचा भारतीय चित्रपटांचा इंग्रजी कोश आहे. कोशाची पहिली आवृत्ती १९९४ची, सुधारित १९९९ची. त्यामुळे नव्वदच्या दशकापर्यंतच्या चित्रपटांना चांगला आधार मिळतो, पुढच्यांना कमी. बऱ्याच चित्रपटांची नुसती नोंद आहे. स्वामित्वहक्क संपलेले काही चित्रपट मात्र तिथंच पाहता येतात आणि एकेका प्रसंगावर वेळेनुसार टिपणं लिहिलेली असतात. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९५३ साली लागलेल्या चित्रपटाचा हक्क २०१३ अखेर संपला. साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे चित्रपट आता एकेक करून मोकळे होत आहेत, तेव्हा हे स्थळ वर्षातून एकदा तरी पुन्हा तपासा.

तिसरी जागा विकिडेटा. गाईड विकिपीडियाला नाही म्हणतात, पण विकिडेटा वेगळं आहे. तिथं परिच्छेद नसतात, नुसत्या नोंदी असतात. मूळ भाषा मराठी असलेल्या सगळ्या चित्रपटांची यादी, प्रत्येकाच्या आयएमडीबी क्रमांकासह, तिथून एका प्रश्नात काढता येते. प्रश्न लिहायची भाषा शिकायला थोडा त्रास होतो. तुमच्या कॉलेजात संगणकशास्त्राचा एखादा विद्यार्थी असेल तर त्याला बसवा, चहावर काम होईल.

इथं एक सावधगिरी. तीन ठिकाणी एकच साल दिसलं की लोकांना वाटतं माहिती पक्की झाली. आमच्याकडचे एक मास्तर तर म्हणाले, "काहून बाप्पा, सगळीकडे तेच तर लिहून आहे ना!" चावडीवर एकानं सांगितलेलं चौघांनी पुन्हा सांगितलं म्हणून साक्षीदार चार होत नाहीत. लेटरबॉक्सड या चित्रपटप्रेमींच्या संकेतस्थळाची माहिती टीएमडीबी या दुसऱ्या डेटाबेसवरून येते, गुगलवर शोधल्यावर दिसणारी माहितीची चौकट बऱ्याचदा विकिपीडियावरून. सगळ्यांचा उगम एकच असेल तर तिन्हींची बेरीज एकच.

मी तपासणी अशी करायला सांगतो. तुम्ही स्वतः लक्ष देऊन पाहिलेला, ज्याची श्रेयनामावली तुम्ही थांबवून वाचली आहे, असा एक चित्रपट घ्या. तो प्रत्येक डेटाबेसमध्ये उघडा. दिग्दर्शकाचं नाव सगळीकडे बरोबरच असेल, त्यावरून काही ठरत नाही. छायालेखक, संवादलेखक, दुय्यम भूमिका, लांबी हे बघा. तुमच्या विषयात शेतमजुराची, सालगड्याची, सावकाराच्या दिवाणजीची भूमिका कोणी केली याला महत्त्व आहे आणि डेटाबेस पातळ होतात ते नेमके याच ठिकाणी. जिथं दुय्यम भूमिकाही नीट आहेत, ती जागा तुमच्या कालखंडासाठी जास्त भरवशाची. हे कालखंडानुसार बदलतं, म्हणून जुना एक आणि नवा एक असे दोन चित्रपट घेऊन करा.

सालाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तोंडी परीक्षेत यावरूनच अडवतात. एका चित्रपटाला तीन सालं असू शकतात: सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं, पहिल्या जाहीर खेळाचं आणि थिएटरात लागल्याचं. 'फँड्री' २०१३ मध्ये महोत्सवांत दाखवला गेला, थिएटरात आला १४ फेब्रुवारी २०१४ ला. 'कोर्ट' सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला होता, आपल्याकडं लागला एप्रिल २०१५ मध्ये, आणि त्याला मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार २०१४ सालचा. आयएमडीबी पहिला जाहीर खेळ धरते, राष्ट्रीय पुरस्कार प्रमाणपत्राचं साल धरतात, आणि आपण गावात बसून बोलतो ते टॉकीजचं साल. यात चूक कोणाचीच नाही. तुम्ही कोणतं साल धरणार ते पहिल्या प्रकरणात एका वाक्यात लिहा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. प्रेक्षकांविषयी लिहीत असाल तर थिएटरचं साल घ्या. निर्मितीविषयी असेल तर प्रमाणपत्राचं. प्रमाणपत्र शोधायला कुठं जायची गरज नाही, ते चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावरच येतं. तारीख आणि लांबी त्यावर असते. तिथं चित्र थांबवा आणि उतरवून घ्या. तुमच्या गाईडना हवा तो 'प्रमाणित' पुरावा हाच.

जुन्या चित्रपटांत आणखी एक खड्डा आहे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट म्हटलं की तुम्हाला 'सावकारी पाश' घ्यावाच लागेल. बाबूराव पेंटर यांनी तो १९२५ मध्ये मूकपट म्हणून केला आणि १९३६ मध्ये त्यांनीच पुन्हा बोलपट म्हणून. नाव तेच, दिग्दर्शक तोच, कथाही नारायण हरी आपट्यांची. अशा वेळी नटांची आणि तंत्रज्ञांची यादी सहज सरमिसळ होते. मूकपटात तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी केला होता, एवढं लक्षात ठेवलं तरी चुकीची नोंद पटकन ओळखू येते. प्रभातच्या काळात तर एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत अशी दोनदा चित्रित व्हायची: १९३७चा 'कुंकू' आणि त्याचा हिंदी जोडीदार 'दुनिया ना माने'. डेटाबेसनं दोन्हींना मिळून एक नोंद केली असेल तर तुमची मोजणी बिघडली. अशा जोड्यांना तुमच्या तक्त्यात दोन ओळी द्या.

आता दुसरी गोष्ट, लेखन. इथं मात्र पैसे घेणारे मोठे डेटाबेस आहेत. जगभरच्या चित्रपट संग्रहालयांची संघटना, फियाफ, १९३८ पासून आहे. तिची चित्रपटविषयक नियतकालिकांची सूची १९७२ पासूनची. एब्स्कोची चित्रपट आणि टेलिव्हिजन साहित्याची सूची आहे, प्रोक्वेस्टवरही चित्रपटाचे संदर्भ मिळतात. कामं चोख आहेत. पण ती प्रामुख्यानं इंग्रजी आणि युरोपीय नियतकालिकांची. मराठीतलं लेखन त्यात जवळजवळ नाही, म्हणून प्राचार्यांकडे वर्गणीसाठी अर्ज करायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या विषयावर इंग्रजीत जे आलंय ते मुख्यत्वे 'बायोस्कोप' या २०१० पासून निघणाऱ्या दक्षिण आशियाई चित्रपटांच्या नियतकालिकात आणि जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहात सापडेल. जेस्टोरवर वैयक्तिक खातं फुकट काढता येतं आणि महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात. 'बायोस्कोप' सेज या प्रकाशनसंस्थेचं आहे, आणि सेज 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत येतं. नियतकालिकांची वर्गणी केंद्र सरकारनं एकत्र भरायची, अशी २०२५ पासून सुरू झालेली ही योजना सरकारी विद्यापीठं आणि सरकारी संस्थांसाठी आहे. तुमचं खासगी संस्थेचं कॉलेज त्यात नसेल, पण तुमची नोंदणी विद्यापीठात आहे. विद्यापीठाच्या ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे ग्रंथालयात, जाऊन संशोधक विद्यार्थी म्हणून प्रवेश मागा. कॉलेजांसाठीची ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकांची एन-लिस्ट ही सोय वेगळी, तिचा पासवर्ड ग्रंथपालाकडून मिळतो. तासिकावाल्यांना तो द्यायचा राहून जातो, मागून घ्या. लाजू नका.

इंग्रजीत शोधताना एक करा: चित्रपटाचं मराठी नाव रोमन अक्षरांत दोन-तीन प्रकारे टाका आणि महोत्सवात दिलेलं इंग्रजी नावही टाका. आपल्या विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यावरचा 'गाभ्रीचा पाऊस' २००९चा. परदेशातली परीक्षणं तुम्हाला 'द डॅम्ड रेन' या नावाखाली मिळतील. नुसतं मराठी नाव टाकून बसलात तर निम्मं लेखन हातचं जाईल.

मराठी लेखनासाठी शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह. २००९च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत बंधनकारक केली, तेव्हापासून तिथं चांगली भर पडली आहे. पण तिथं आमच्या मराठीवाल्यांचा एक जुना रोग आड येतो. कितीतरी प्रबंध कृतीदेव, श्रीलिपी, डीव्ही-योगेश अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेले आहेत. डोळ्यांना देवनागरी दिसते, संगणकाला ती चिन्हांची खिचडी वाटते. 'शेतकरी' असा शब्द टाकून मजकुरात शोधलंत तर हे प्रबंध सापडणार नाहीत आणि तुम्ही खुशाल लिहाल की या विषयावर आधी काम झालेलं नाही. म्हणून विद्यापीठ आणि विभाग निवडून शीर्षकांची यादी वरून खाली वाचा. मराठी, हिंदी, जनसंवाद, समाजशास्त्र असे चारही विभाग बघा. वेळ जातो, पण याला उपाय नाही. तुमचा स्वतःचा प्रबंध मात्र युनिकोडमध्येच टंका. पुसद-दिग्रसच्या डीटीपीवाल्यानं कितीही आग्रह केला तरी.

याशिवाय मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, पार्श्वभूमीसाठी तो निःशंक उद्धृत करा. प्रभात चित्र मंडळ या फिल्म सोसायटीच्या 'वास्तव रूपवाणी' या नियतकालिकाचे अंक नजरेखालून घाला. जुन्या इंग्रजी परीक्षणांसाठी बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया'चे अनेक अंक इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतात. त्यांची जीभ तिखट होती, तेव्हा मत म्हणून वाचा, माहिती म्हणून जपून. गाण्यांतला शेतकरी हवा असेल तर 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ आपल्या घरातलंच आहे, कवी-संगीतकार-चित्रपट अशी नोंद तिथं मिळते.

इथवरचं थोडक्यात: यादीसाठी आयएमडीबी, विकिडेटा आणि इंडियनसिने.मा एकमेकांवर ताडून. लेखनासाठी विद्यापीठाचा प्रवेश, जेस्टोर आणि शोधगंगा. आता राहिले चित्रपट आणि कागद.

चित्रपट यूट्यूबवर मिळतात, तिथं पाहायलाही हरकत नाही, पण कोणती प्रत पाहिली ते लिहा. वाहिन्यांनी कापलेल्या प्रती फिरतात. शिवाय चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि आपल्याकडच्या टीव्ही-डीव्हीडीच्या प्रती बऱ्याचदा २५ चौकटींनी. त्यामुळे १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो. काही कापलेलं नसतं, तरी तुमचे मिनिट-सेकंद दुसऱ्याच्या प्रतीशी जुळत नाहीत. प्रसंग सांगताना मिनिटासोबत प्रसंगाचं एका ओळीत वर्णन द्या, म्हणजे वाद उरत नाही.

कागदांसाठी पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ मध्ये स्थापन झालं, पी. के. नायर यांनी उभं केलं, २०२२ पासून एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे. जाहिरातपत्रं, स्थिरचित्रं, पटकथा, आणि मला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या गाण्यांच्या पुस्तिका. टॉकीजबाहेर विकल्या जाणाऱ्या या चोपड्यांत कथासार आणि श्रेयनामावली त्याच वेळी छापलेली असते, नंतर कोणी आठवून लिहिलेली नसते. जाण्याआधी गाईडच्या सहीचं पत्र आणि हव्या असलेल्या चित्रपटांची यादी पाठवा. नुसतं "शेतकऱ्यावरचं काही दाखवा" म्हणून गेलात तर दिवस वाया जाईल.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण विषय बघता लागेलच: हे चित्रपट आपल्याकडं कोणी, कुठं पाहिले? हे कोणताही डेटाबेस सांगत नाही. चित्रपट व्यवसायात आपला भाग अजूनही सी.पी. बेरार (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) म्हणूनच ओळखला जातो. वितरकांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळला आहे. जुन्या काळासाठी १९२७-२८ मध्ये ब्रिटिश सरकारनं चित्रपटांच्या चौकशीसाठी नेमलेल्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीच्या साक्षी वाचा. कमिटीनं नागपुरातही साक्षी घेतल्या होत्या आणि ते खंड ऑनलाइन मिळतात. पुढच्या काळासाठी नागपूर-अमरावतीच्या वृत्तपत्रांतल्या टॉकीजच्या जाहिराती, त्यासाठी नागपूरला विदर्भ साहित्य संघ आणि जुन्या वाचनालयांत विचारा. करमणूक कर महसूल खातं गोळा करायचं, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयातही विचारून बघण्यासारखं आहे. कागद मिळेल की रद्दीत गेला असेल, हे कार्यालयागणिक वेगळं.

नेटचं म्हणाल तर गावात बसून चालतं, फक्त सगळं थेट नेटवर करू नका. झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. तालुक्याला नेट असेल तेव्हा लेख आणि पानं त्यात उतरवून घ्या, घरी वीज-नेट नसताना वाचा. डेटाबेसची नोंद उद्या बदलू शकते, म्हणून महत्त्वाचं पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा आणि पाहिल्याची तारीख लिहा. यादी एका साध्या तक्त्यात ठेवा: नाव देवनागरीत, रोमनमध्ये, आयएमडीबी क्रमांक, तिन्ही सालं, दिग्दर्शक, शेतकरी पात्र, कोणती प्रत पाहिली, आणि शेवटच्या रकान्यात प्रत्येक माहिती कुठून घेतली. हा शेवटचा रकाना रिकामा असेल ती ओळ प्रबंधात घेऊ नका. गाईडना डेटाबेसचं नाव सांगण्यापेक्षा हा तक्ता दाखवा. माझ्या अनुभवात त्यानंतर आयएमडीबीवरून वाद होत नाही.

एक मात्र कळवा: तुमचा कालखंड मूकपटांपासून धरला आहे की स्वातंत्र्यानंतरचा? मूकपट असतील तर पुण्याची फेरी आधी करा आणि यादी नंतर, कारण त्या काळातलं बरंच आता फक्त कागदावर उरलंय. स्वातंत्र्यानंतरचा असेल तर आधी घरी बसून दहा चित्रपटांचा तक्ता भरा आणि मला दाखवा, मग विद्यापीठाकडून काय मागायचं ते नेमकं सांगता येईल.